ओवाळणीचा चेक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग चहा ओठाला लावा. मागं हीच गोष्ट सांगताना एका पावण्याच्या नाकातनं चहा आला आणि त्याचा शर्ट आमच्या घरी धुवायला लागला. गाढवपणा मी जन्मभर पुष्कळ केला. पण स्वतःच्याच विरोधात हलगी लावून मोर्चा काढणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात माझ्याशिवाय दुसरा सापडला, तर मला आणून दाखवा. मी त्याचा सत्कार करीन.

माझा धंदा मोटर रिवायंडिंगचा. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती पोत्यात गुंडाळून आणतो, मी आतली जळकी तार काढून नवी भरतो. कुठं काय जळलंय हे मला नुसत्या वासावरनं कळतं, असं मी येईल त्याला सांगत असतो. सांगण्यात मी कधी कमी पडलो नाही. आमच्या हिनं तर लग्न झाल्या झाल्या ओळखलंतं, की ह्या माणसाचा आवाज मोठा आहे आणि ऐकू कमी येतं.

आक्का माझी थोरली बहीण. गडमुडशिंगीला दिलेली. मी शाळेत जायच्या आधीच आमची आई गेली, त्यामुळं मला न्हाऊ घालण्यापासून मास्तरांचा मार खाऊन आलो की गुळाचा खडा हातावर ठेवण्यापर्यंत सगळं आक्कानंच केलं. आता माझे केस पिकायला लागले, तरी जेवताना ती माझ्या ताटाकडं बघत बसते. तिच्यावर माझा लई जीव. हे सांगायला मला लाज वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

तर ह्या आक्कानं घरच्या घरी कांदा-लसूण चटणीचा धंदा सुरू केला. चटणी अशी, की शहरातनं माणसं डबा घेऊन मुडशिंगीला जायला लागली. पण मिरची कांडायला तिला दुसऱ्याच्या मशीनवर जायला लागायचं. उन्हाळ्यात तिथं ही मोठी रांग. मिरच्यांची पाटी मांडीशी धरून आक्का सकाळपासनं बसलेली, डोळे लाल, नाक लाल. मग तिनं मनात घेतलं, की आपलं स्वतःचं कांडप मशीन घ्यायचं. बाईनं स्वतःसाठी म्हणून आयुष्यात मागितलेली ही पहिलीच गोष्ट. थोडे पैसे दिवाळीनंतर द्यायचे आणि उरलेले शिमग्याच्या आत, असं ठरलं, कारण शिमगा झाला की चटणीचा हंगाम पेटतो. मशीनवाल्यानं स्पष्ट सांगितलंतं, शिमग्यापर्यंत पैसे आले नाहीत तर मशीन दुसऱ्याला जाईल.

आणि भाऊबीज आली, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

आक्काला रोख ओवाळणी घातली की ती काय करायची माहितंय? मी चप्पल पायात सरकवेपर्यंत त्यातले निम्मे पैसे माझ्या पोरीच्या मुठीत कोंबायची. दरवर्षी हेच. ह्या वर्षी मला मशीनसाठी म्हणून घसघशीत रक्कम घालायची होती, आणि ती काही केल्या परत येऊ द्यायची नव्हती. दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. ज्याच्या त्याच्या खिशातनं चेकबुक डोकवायला लागलंतं, मलाही नवंकोरं मिळालंतं. म्हटलं, ओवाळणीत चेक घालायचा. चेक पोरीच्या मुठीत कसा कोंबणार? वर आक्काचं नाव घातलं, खाली झोकात सही ठोकली.

आक्कानं ओवाळलं आणि मी ताटात चेक ठेवला. आधी तिला वाटलं लाईटचं बिल आलंय. मग तो कागद निरांजनाकडं सरकला म्हणून तिनं घाईनं उचलला, तर बोट कुंकवाचं, चेकच्या कोपऱ्यावर टिळा उमटला. दाजी, म्हणजे आक्काचे मालक, म्हणाले की चेकलापण ओवाळलं म्हणायचं. आम्ही सगळे पोट धरून हसलो. घरी येईपर्यंत मी स्कूटरवर स्वतःच्या हुशारीला दाद देत होतो.

आक्काचं खातं शहरातल्या एका नव्या बँकेत. तेही मीच काढून दिलंतं. काचेचा दरवाजा, आत गारवा, आणि मुख्य म्हणजे तिथलं पेन दोरीनं बांधलेलं नव्हतं. एवढ्यावर मी भाळलो. म्हटलं, ज्यांचा गिऱ्हाइकावर पेनाएवढा विश्वास आहे, त्यांच्याकडं आपली आक्का सुखी राहील.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मुडशिंगीला गेलतो. मशीन कुठं बसवायचं ठरलं, असं सहज विचारलं, तर आक्का चुलीकडं तोंड करून म्हणाली, बघू पुढच्या वर्षी. मला काही समजेना. मी दाजींकडं बघितलं. दाजी तसे फार कमी बोलणारे. पण त्यांच्या तोंडातनं निसटलं, की चटणीचे पैसे बँकेत भरले की बँकच खाऊन टाकते, मशीनला उरतंय काय? आक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं, की दाजी उठून म्हशीला वैरण टाकायला गेले.

मग खोदून खोदून विचारल्यावर एकेक बाहेर पडलं. झालंतं असं. आक्कानं मशीनवाल्याला पहिल्या पैशांचा चेक दिला. तिच्या खात्यात कुणाचा तरी चेक जमा व्हायचा होता, त्याच्या भरवशावर बँकेनं मशीनवाल्याचे पैसे देऊन टाकले. आणि नंतर तो जमा व्हायचा चेक वटलाच नाही. परत आला. आक्काचं खातं शून्याच्या खाली गेलं. ह्याला बँकेत ओव्हरड्राफ्ट म्हणतात. म्हणजे आपण न मागता त्यांनी आपल्याला दिलेली उचल.

मग सुरू झालं की. चेक परत आला म्हणून दंड. खातं खाली गेलं म्हणून दंड. उचल घेतली म्हणून व्याज. ठरलेली शिल्लक ठेवली नाही म्हणून अजून दंड. त्या दंडानं खातं आणखी खाली, म्हणून परत दंड. आक्का बिचारी चटणी विकून पैसे भरायची आणि ते ह्यातच गडप व्हायचे. फुटक्या पाईपानं पाणी ओढल्यासारखं, मोटर चालू आणि शेत कोरडं. हे असं चालू राहिलं असतं तर शिमग्याला मशीन सोडा, मिरच्या घ्यायलाही पैसे उरले नसते.

मी विचारलं, "चेक कुणाचा हुता?"

"हुता एका गिऱ्हाइकाचा. जाऊ दे की."

नाव विचारलं तर नाव आठवत नाही म्हणाली. आता तुम्हीच सांगा, कुठल्या गिऱ्हाइकाला चटणीत खोबरं जास्त लागतं हे जिला सालोसाल ध्यानात राहतं, तिला पैसे बुडवणाऱ्याचं नाव आठवत नाही? तुम्हाला शंका आली ना? येणारच. तुम्ही शहाणी माणसं. मला आली नाही. मला नुसता राग आला.

राग आला की मी तालमीत जातो. कुस्ती खेळायला नाही हो, गप्पा मारायला. आमच्या पेठेत कुणावर तरी अन्याय झालाय एवढं म्हटलं की बास, काय झालं ते नंतर विचारतात. हलगीवाला तर तेही न विचारता काटक्या पेटवून, आवाज चढावा म्हणून हलगी शेकायला बसला. बोर्ड मी स्वतःच्या हातानं रंगवला, 'न मागता दिलेल्या उचलीवर दंड घेणं बंद करा.' इथं थांबलो असतो तर आज मी पुढारी असतो. पण रंग उरलातं. त्या उरलेल्या रंगात मी दुसरा बोर्ड केला, पहिल्यापेक्षा मोठा, 'खोटा चेक देणाऱ्या भामट्याचा जाहीर निषेध.'

आमची ही दारात उभी होती. बोर्ड वाचून म्हणाली, की अवं, तो चेक कुणाचा ते तरी आधी विचारा. मी म्हटलं, ते बँकेतच विचारतो, सगळ्यांच्या देखत.

सकाळी आक्काला आणायला गेलो तर ती यायलाच तयार होईना. आधी म्हणाली डोकं दुखतंय. मग म्हणाली म्हैस आजारी आहे. म्हैस आमच्यासमोर मजेत रवंथ करत होती. शेवटी मी तिला जवळजवळ उचलूनच स्कूटरवर बसवली. वाटेत ती माझा शर्ट ओढून सारखी म्हणत होती, बबन, परत फिरव, माझं ऐक. मला वाटलं बाई बँकेला भ्याली. तिला धीर यावा म्हणून मी आणखी जोरात गाडी मारली.

बँकेच्या दारात आमची सगळी वरात. रखवालदार म्हणाला हलगी आत न्यायची नाही. त्याला 'पावणं, पावणं' करून पुष्कळ समजावलं, पण ऐकेना. मग अर्धी मंडळी बाहेर हलगीबरोबर थांबली आणि अर्धी माझ्याबरोबर आत आली. बाहेर घोषणा चालू झाली, भामट्याचा धिक्कार असो. आतली गारव्यात बसलेली माणसं दचकून काचेतनं बघायला लागली.

मॅनेजर एक तरुण मॅडम होत्या. पुण्याकडच्या असाव्यात, बोलणं एकदम हळू. मी त्यांच्यासमोर उभा राहून भाषण ठोकलं. गरीब बाईचे कष्टाचे पैसे खाता, न विचारता उचल देता, वर दंड लावता, आणि ज्यानं खोटा चेक दिला तो मोकळा फिरतोय. त्याला शोधून आणा, नाहीतर आम्ही इथनं हलत नाही. मागनं तालमीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की माझं फार वाटोळं होतं.

मॅडम म्हणाल्या, "आपण यांचे कोण?"

"सख्खा भाऊ. बबन ज्ञानदेव चौगुले. मोटर रिवायंडिंग. पेठेत कुणालाबी इचारा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग आक्काकडं बघितलं. आक्कानं हळूच मान हलवली, नको म्हणून. मॅडमचा चेहराच बदलला. मला त्या क्षणी वाटलं, की माझ्या नावाचा हा दरारा आहे.

त्या म्हणाल्या, आत केबिनमध्ये बसून बोलू या. मी म्हटलं न्हाई, काय ते इथंच, चारचौघांत. त्या म्हणाल्या, निदान पाणी तरी घ्या आणि आत या. मी म्हटलं, लपवायचं असेल ते तुम्हाला, आम्हाला कशाचं? आक्का मागनं शर्ट ओढतीया. मी तिचा हात सोडवतोय. तालमीतले म्हणतायत, बबनराव, हटू नका. बबनराव कशाला हटतोय?

"त्या भामट्याचं नाव सांगा मॅडम. इथनं उठून डायरेक्ट त्याच्या दारात हलगी न्हेतो."

मॅडम पुढं वाकल्या. मग अगदी माझ्यापुरत्या आवाजात म्हणाल्या, "नाव मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, त्या चेकवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. म्हणून तो आमच्या सगळ्यांच्या लक्षात राहिला."

मला घाम फुटला. तेवढ्या गारव्यात, पाठीवरनं खालपर्यंत. मागनं कान लावून उभा असलेला तालमीतला एकजण म्हणाला, कुंकू लावलंय म्हणजे भामटा देवभक्त दिसतोय. बाहेरनं जोरात आवाज आला, भामट्याचा धिक्कार असो.

म्हणजे बघा. मी आक्काकडनं पैसे परत यायच्या सगळ्या वाटा बंद केल्या म्हणून खूश होतो, आणि चेकनं स्वतःच वाट काढली आणि परत आला. मागनं पासबुक भरून आणल्यावर कळलं, माझ्या बँकेनं माझ्या खात्यातनं शिल्लक कमी पडली म्हणून गुपचूप दंड कापलाता, त्यामुळं चहा-भज्याच्या पैशाइतकी रक्कम कमी पडली आणि चेक नापास झाला. मग चेक नापास झाला म्हणून मला आणखी दंड. आणि तोवर मला ह्यातलं काही माहीत नाही, कारण पासबुक भरून आणायला सवड कुणाला? मी मोर्च्याचे बोर्ड रंगवण्यात.

मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मॅडमनी नाव घेतलं नव्हतं, आणि आक्का तर मरेपर्यंत घेणार नव्हती. पण तिच्याकडं बघितलं, तर ती खाली मान घालून पदराचं टोक चुरगळत होती, जणू काही चूक तिचीच. ते मला बघवलं नाही. मी तालमीतल्या मंडळींकडं वळलो.

"हलगी थांबवा. चेक माझाच हाय."

आत एकदम शांतता. बाहेर मात्र काचेमुळं काही ऐकू गेलं नाही, त्यामुळं माझा धिक्कार तसाच चालू राहिला. शेवटी एकानं बाहेर जाऊन हलगीवाल्याचा हात धरला.

मी आक्काला विचारलं, मला का नाही सांगितलंस? इतके दिवस एकटीच भरत बसलीस?

ती म्हणाली, "ओवाळणी परत आली म्हणून भावाला सांगत्यात व्हय?"

एवढंच म्हणाली. बँकेशी भांडायचं तर चेक कुणाचा ते निघणार, आणि ते निघू नये म्हणून बाई दंडावर दंड भरत राहिली. स्वतःचं मशीन हातचं जाऊ द्यायला तयार झाली, पण भावाचं नाव बुडव्या म्हणून कुणाच्या तोंडी येऊ दिलं नाही. माझ्या डोळ्यातनं पाणी आलं. तालमीतल्या पैलवानांसमोर, काचेच्या दाराशी उभं राहून मी रडलो. घरी असतो तर मिरचीचं निमित्त तरी सांगता आलं असतं.

आक्कानं पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, नाकासकट. आणि मग ती मॅडमकडं वळली. आता झाकायचं काही उरलं नव्हतं ना. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत.

"बाई, पंगतीत बसल्यावर न इचारता ताटात वाढलंसा. वाढलं म्हणून राग न्हाई, उपकारच. पर मागनं त्याचं बिल लावलंसा. बिल दिलं न्हाई म्हणून बिलावर बिल. वाढायच्या आधी एक शब्द इचारायचा हुता, पायजे का नको म्हणून. मी नको म्हटलं असतं. मशीनवाल्याला चार दिवस थांब म्हणून सांगितलं असतं."

मॅडमनी आक्काला खुर्ची दिली. मग त्यांनी कबूल केलं, की उचल देताना विचारायला पाहिजे होतं, आणि कशाला किती दंड पडतो हे आक्काला कुणी सांगितलं नव्हतं. दंडाचे दर लिहिलेला फलक होता म्हणा, पण तो इंग्रजीत, आणि त्याच्यापुढं मोठी झाडाची कुंडी ठेवलेली. शोभेला. मॅडमनी आपल्या हातात होते तेवढे दंड लगेच परत जमा करायला लावले, बाकीच्यांसाठी वर लिहिलं, आणि थोड्याच दिवसांत तेही परत आले. मराठी फलकही लागला, दाराजवळ, कुंडी नसलेल्या जागी. आक्काच्या एका बोलण्यानं जे झालं, ते माझ्या अख्ख्या मोर्च्यानं झालं नव्हतं. मोर्च्यानं फक्त रखवालदाराचं डोकं दुखलं.

मी त्याच दिवशी संध्याकाळी रोख पैसे घेऊन मुडशिंगीला गेलो. ह्या वेळी आक्कानं त्यातलं काहीच परत कोंबलं नाही. आणि शिमग्याच्या आधी मशीन आलं की हो. पहिल्या दिवशी सगळी गल्ली शिंकत होती, आणि मधोमध आक्का नाकाला पदर लावून हसत उभी. दाजींनी मशीनला हार घातला आणि चक्क स्वतःहून दोन वाक्यं बोलले.

पण एक राहिलं. निघताना मॅडम मला म्हणाल्या होत्या, की तुमच्या बँकेनंही तुमचे दंड न सांगता कापले असतील, तिथं जाऊन विचारा. मी लगेच छाती पुढं काढली. म्हटलं, उद्याच जातो, बघतोच एकेकाला. आक्का म्हणाली, एकटा जाऊ नकोस, मी संगं येते. आणि तिथं तू बोलायचं नाही, मी बोलेन.

गेलो. आक्का साहेबांसमोरच्या खुर्चीवर बसली, मी शेजारी. तिनं शांतपणे सगळं सांगितलं, पंगतीचं उदाहरणही दिलं. मी शपथ घातल्यासारखा गप्प. मध्ये दोनदा ओठ हलले, तर तिनं टेबलाखालनं माझा पाय दाबला. साहेब म्हातारे, भले माणूस. सगळं ऐकून घेतलं, चौकशी करून काही पैसे परत करतो म्हणाले. आम्ही उठलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडं फार कळवळून बघितलं आणि आवाज खाली करून आक्काला विचारलं, "ताई, यांना बोलता येत नाही का?"

आक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"येतं की साहेब. झकास येतं. पर आमास्नी परवडत न्हाई."